नसलेलं मांजर

डॉक्टरबाईंनी ओटिलियाच्या उजव्या कानात पाहिलं, मग डाव्या कानात पाहिलं, आणि समोरच्या कागदावर मोठमोठ्या अक्षरांत काहीतरी लिहायला घेतलं.

"लिहिता कशाला? बोला की," ओटिलिया म्हणाली. "डावा अजून चालतो."

"तेच सांगायचंय, आजी. उजवा गेला. डावाही जाणार. बर्फ वितळेपर्यंत टिकला तरी खूप झालं."

"आणि यंत्र लावलं तर?"

"यंत्र आवाज मोठा करतं. पण आतली शीरच सुकत चाललीय. रिकाम्या घराशी उभं राहून हाका मारण्यासारखं आहे ते."

ओटिलियाला हे पटलं. तिने कोटाची बटणं लावली, डोक्याला शाल गुंडाळली, आणि कारागांडाहून खाणीच्या वस्तीकडे जाणारी बस धरली.

बसमध्ये तिने हिशेब केला की आता आपलं काय काय ऐकायचं राहिलंय. नवरा कास्पार जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि जिवंत असताना तो बोलायचा ते सगळं तिने ऐकलं होतं, काही गोष्टी तर पुन्हा पुन्हा. मुलं जर्मनीला गेली होती. ती दर रविवारी फोन करत आणि तेच ते विचारत. तिला उत्तरं पाठ होतीच, आता प्रश्नही झाले होते. खाणीचा भोंगा खाणीबरोबर बंद पडला होता. राहता राहिला देव. ओटिलियाचा बाप्तिस्मा चोरून झाला होता, लहानपण चोरून गेलं होतं, म्हातारपण मात्र उघडपणे आलं होतं. आणि या सगळ्यात देवाने तिच्याशी एकदाही शब्द काढला नव्हता. तिने कधी राग धरला नाही. तिलाही कामं होती, त्यालाही असणार. पण आता कानच चालला म्हटल्यावर तिला वाटलं, एकदा तरी ऐकून घ्यावं. नंतर तो बोलला आणि आपल्याला ऐकू आलं नाही, तर दोघांचीही पंचाईत.

त्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला. देवळात हिरव्या फांद्यांच्या कड्यावरच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली पेटली; दर रविवारी एकेक वाढायची. फादर तिमोते म्हणाले, "नाताळपर्यंत रोज थोडा वेळ गप्प बसा. काही मागू नका, काही बोलू नका. नुसतं ऐका. देव बोलतो."

मिस्साची प्रार्थना संपल्यावर ओटिलिया त्यांच्यापाशी गेली. "फादर, साधारण कुठल्या वेळेला?"

"काय कुठल्या वेळेला?"

"बोलतो तो."

फादर खळखळून हसले. ते तरुण होते, स्लोव्हाकियाच्या डोंगरातून आले होते, आणि इथल्या म्हाताऱ्या थट्टा करतात असा त्यांचा अजून समज होता.

ओटिलियाच्या घरासमोर पूर्वी खाणकामगारांचं स्नानगृह होतं. ते पाडून तिथे 'आल्तिन' नावाचा मॉल झाला होता. मॉलच्या खांबावर एक भोंगा बसवला होता, आणि त्याचं तोंड कसं कोण जाणे, बरोबर तिच्या स्वयंपाकघराकडे होतं. नव्या वर्षाची खरेदी सुरू झाली की तो भोंगा सकाळी जागा व्हायचा आणि दुकानं बंद होईपर्यंत बोलायचा. आधी घंट्या वाजायच्या. मग एक बाई आनंदाने सांगायची, "प्रिय ग्राहकहो! नव्या वर्षाचं स्वागत 'आल्तिन'बरोबर! न चिकटणारे तवे! तव्यावर झाकण भेट! आजच या!" मग पुन्हा घंट्या.

ओटिलियाने दाराजवळ स्टूल ठेवलं आणि ऐकायला बसली. स्वयंपाकघरात मऊ खुर्ची होती, पण ऐकायचं म्हणजे दाराजवळ, ही तिची जुनी सवय. पहिल्या दिवशी तिने तवे ऐकले. दुसऱ्या दिवशी तवे आणि लहान मुलांच्या घसरगाड्या. आठवडा सरला तेव्हा 'आल्तिन'मध्ये काय काय आहे हे तिला तिथल्या नोकरांपेक्षा चांगलं माहीत झालं होतं.

जिन्यापलीकडच्या समोरच्या दारात राहणारी गेनोव्हेवा आली. दोघी एकाच बराकीत वाढलेल्या. ओटिलियाच्या जर्मन आईबापांना सरकारने व्होल्गाकाठून हद्दपार करून गाडीत घालून आणलं होतं, गेनोव्हेवाच्यांना पोलंडच्या बाजूने. गेनोव्हेवाला खरेदीचा नाद होता. काखेत खोकं होतं.

"बघ काय आणलं! आगमनकाळाचं कडं. विजेवरचं. मेणबत्त्या घ्यायला नकोत, आग लागायची भीती नाही."

तिने बटण दाबलं. चारही मेणबत्त्या एकदम पेटल्या आणि कड्यातून गाणं सुरू झालं.

"अगं, आज एकच पेटवायची असते," ओटिलिया म्हणाली.

"एकेक पेटत नाहीत. दुकानदाराला विचारलं मी. म्हणाला, चारांचे पैसे दिलेत तर चार वापरा."

"मग आजच नाताळ कर आणि मोकळी हो. ते गाणं बंद कर."

"तेही बंद होत नाही. रात्री उशीखाली घालून ठेवते." गेनोव्हेवाने कडं परत खोक्यात कोंबलं. ते आत गातच राहिलं. "तू दाराशी काय करतेस? कुणी येणार आहे?"

"देवाचं ऐकतेय."

"मग? काय म्हणतो?"

"तव्यावर झाकण भेट."

गेनोव्हेवाने मान डोलावली. "ते मी घेतलं. झाकण बसत नाही."

आता या दाराजवळच्या सवयीबद्दल सांगायला हवं.

बराकीत प्रार्थनेला बंदी होती. फादर कुणी नव्हते. जे होते ते सक्तमजुरीच्या छावण्यांत होते. पण बायका रविवारी एका खोलीत जमायच्या आणि जपमाळ म्हणायच्या. टेबलावर नेहमी एक केक असायचा, वर लोणी-साखरेचा चुरा पेरलेला. साखर नसली तर नुसता चुरा, लोणी नसलं तर नुसता केक. हद्दपारांवर नजर ठेवणारा कमांडंट आलाच तर वाढदिवस आहे असं सांगायचं. त्या बराकीत सगळ्यांचे वाढदिवस रविवारी यायचे. कमांडंट दारात उभा राहून विचारायचा, "आज कुणाचा वाढदिवस?" आणि कुणीतरी हात वर करायचं. त्याला ते खरं वाटायचं की नाही, देव जाणे. केकचा तुकडा मात्र तो घ्यायचा.

दाराशी ओटिलिया बसायची, कारण तिचे कान सगळ्यांत तिखट. तिने प्रार्थना म्हणायची नाही, फक्त पावलं ऐकायची. बर्फावर कोण चालतंय हे तिला घरात बसून कळायचं: नमद्याचे बूट म्हणजे आपला माणूस, करकरणारे चामड्याचे बूट म्हणजे कमांडंट, आणि ओळखू न येणारं पाऊल म्हणजे सगळ्यांत वाईट. असं काही कानावर आलं की तिने मांजरावर ओरडायचं: "मुर्का, खाली उतर! दुधाला तोंड लावू नकोस!" मांजर नव्हतंच. दूधही बऱ्याचदा नसायचं. पण आतल्या बायका ते ऐकून जपमाळा एप्रनमध्ये टाकायच्या आणि वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागायच्या.

एकदा आगमनकाळातच ओटिलियाने अनोळखी पाऊल ऐकलं. ती मुर्कावर ओरडली. बायका गायला लागल्या, आणि त्या दिवशी भीती जास्त म्हणून गाणंही जास्त मोठ्याने. बाहेरचा माणूस थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. पुढच्या हिवाळ्यात कळलं, ते छावणीतून सुटलेले एक फादर होते. बॉयलर दुरुस्त करणाऱ्याच्या वेशात बर्फ तुडवत ते वस्तीला पवित्र भाकर द्यायला आले होते. एवढा दंगा ऐकून त्यांना वाटलं, घर चुकलं. त्यांनीच पुढे ओटिलियाचं लग्न लावलं, आणि ही गोष्ट लग्नाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितली. लोक पोट धरून हसले. ओटिलियाही हसली. पण तिच्या मनात एक राहून गेलं: बाकीच्यांनी लहानपणी देवाचं ऐकलं, आपण फक्त बुटांचं.

दुसऱ्या आठवड्यात तिने ठेवणीतला कोट घातला आणि मॉलमध्ये गेली. मधोमध एक देवदाराचं झाड उभं केलं होतं, आणि त्याच्या फांद्यांना धूळ ओढायच्या यंत्रांची खोकी टांगली होती. व्यवस्थापकांची खोली चपलांच्या दुकानामागे होती. आत एक सडपातळ कझाख मुलगी बसली होती. समोर दोन फोन आणि गार झालेला चहा.

"या अपा, बसा. काय काम होतं?"

ओटिलिया तिच्याकडे बघत राहिली. "तवेवाली तूच."

"काय?"

"न चिकटणारे तवे. आजच या. तूच बोलतेस ते."

मुलगी लाजली. तिचं नाव कुरालाय. "हो अपा. बाहेरची बाई आणायला वरून मंजुरी मिळाली नाही. आवाज बरा आहे ना?"

"बरा आहे. फार आहे. बंद कर."

"ते माझ्या हातात नाही. आल्माटीच्या मुख्य कचेरीतून हुकूम आहे. एकदा दुपारी बंद पडला, तर लगेच तिथून फोन आला."

"आल्माटीपर्यंत ऐकू जातो?"

"ऐकू नाही जात. त्यांना दिसतं."

"आवाज दिसतो?"

"कॉम्प्युटरवर."

ओटिलियाने यावर वाद घातला नाही. कमांडंटलाही बऱ्याच गोष्टी अशाच कळायच्या.

"तुम्हाला त्रास काय होतो, अपा? झोप लागत नाही?"

"झोप लागते. मला देवाचं ऐकायचंय, ते जमत नाही. आणि कान चाललाय."

कुरालायला यात नवल वाटलं नाही. तिची आजी नमाजाला बसली की घरात टीव्ही लावायची कुणाची छाती नव्हती. तिने कामाची गोष्ट विचारली. "रोज बसणार?"

"नाताळपर्यंत रोज."

"जागा किती लागते?"

"एका स्टुलाएवढी."

कुरालायने एक फोन उलटा करून ठेवला. तो थरथरतच होता. ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर. वरच्या मजल्यावर गाद्यांचं दुकान आहे. तिथं भोंगा ऐकू येत नाही. तिथं काहीच ऐकू येत नाही."

आणि खरोखरच तसं होतं. चारी बाजूंना गाद्या उभ्या केल्या होत्या, जमिनीवर गाद्या पसरल्या होत्या, आणि बोललेला शब्द नव्या बर्फात पडावा तसा पडून तिथेच राहायचा. गाद्या विकायला रुस्तेम नावाचा एक तातार होता. गोल, उदास माणूस. त्याच्या गाद्या फार दिवसांत खपल्या नव्हत्या, त्यामुळे तोही कमी बोलायचा.

"बसा, अपा. कडक हवी की मऊ?"

"दाराकडं तोंड असलेली," ओटिलिया म्हणाली.

ती रोज यायला लागली. सुरुवातीला तिला स्वतःचा श्वास ऐकू आला, मग रुस्तेमचं पोट. मग तेही मागे पडलं. शांतता दाट होत गेली, आणि एके दिवशी त्या शांततेच्या पलीकडून काहीतरी आलं. आवाज म्हणता येणार नाही. रस्त्यावरून जाणारा माणूस आपल्या दाराकडे वळतो तेव्हा बर्फावरचं पाऊल बदलतं, तसं काहीतरी बदललं. ओटिलियाच्या मानेवर काटा आला. आणि त्याच क्षणी तिने सगळ्या दमानिशी आरोळी ठोकली, "मुर्का, खाली उतर! दुधाला तोंड लावू नकोस!"

पलीकडे गादी दाबून बघणारं एक जोडपं ताडकन उठून उभं राहिलं. रुस्तेम पलंगाखाली वाकून बघायला लागला.

"मांजर आलंय?"

"नाही."

"मग?"

"सवय आहे."

रुस्तेमने थोडा वेळ विचार केला. "असते एकेकाला," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काहीतरी जवळ यायचं, ओटिलियाच्या अंगावर काटा यायचा, आणि तिचं तोंड तिला न विचारता मांजराला हाकलायचं. त्यानंतर जे जवळ येत होतं ते गेलेलं असायचं. रुस्तेम दर वेळी नुसता शिष्टाचार म्हणून पलंगाखाली बघायचा.

अशात एक दिवस ती आली तर गाद्यांच्या दुकानावर मोठा बोर्ड लागला होता. त्यावर तिची पाठमोरी छबी होती, शालीसकट, आणि खाली लिहिलं होतं: 'शांतता ऐका. नव्या वर्षाची खास सवलत.' आल्माटीच्या लोकांना कॅमेऱ्यात दिसलं होतं की एक म्हातारी गादीवर तासन् तास बसते आणि उठत नाही. त्यांना ते आवडलं होतं. आत माणसं दाटीवाटीने बसली होती आणि कुजबुजत होती. रुस्तेमच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा उदासच होता.

एक जाडजूड बाई ओटिलियाच्या शेजारी येऊन टेकली. "अपा, खरं सांगा हं. इथं बसायचे तुम्हाला किती देतात?"

"काही नाही."

"मग गादी तरी फुकट देत असतील. कंबरेला कशी आहे?"

"कंबरेला बरी आहे," ओटिलियाने प्रामाणिकपणे सांगितलं. "देव अजून आलेला नाही."

बाईने ती गादी घेतली.

ओटिलियाने कोटाची बटणं लावली आणि कुरालायच्या खोलीत गेली. कुरालायने तिला बघून आधीच मान खाली घातली.

"बोर्ड मी नाही लावला, अपा. वरून आला."

"सगळं वरूनच येतं गं. मी ज्याची वाट बघतेय तोही. फक्त तो बोर्ड लावत नाही."

कुरालायचे दोन्ही फोन वाजत होते. तिने एकही उचलला नाही, पण बंदही केला नाही.

तिसऱ्या रविवारी फादर तिमोते गुलाबी झगा घालून आले, कारण त्या रविवारी तसाच घालतात. देवळात नेहमीच्याच चार म्हाताऱ्या. फादरनी ऐकलं होतं की मॉलमध्ये गाद्यांवर त्यांच्या देवळापेक्षा जास्त लोक गप्प बसतात, आणि त्यांना त्याचं जरा वाईट वाटलं होतं.

मिस्सेनंतर ओटिलिया म्हणाली, "फादर, तो येतो. मीच त्याला हाकलते."

या वेळी फादर हसले नाहीत. तिने मांजराचं सगळं सांगितलं. फादरनी बराच विचार केला. मग म्हणाले, "पुढच्या वेळी ओरडू नका."

"तुम्हाला वाटतं, मी ठरवून ओरडते? शिंक आली तर थांबवता?"

"मग नाक दाबा," फादर म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. "म्हणजे... मलाही माहीत नाही, आजी. मी गप्प बसतो तेव्हा मला बॉयलर ऐकू येतो."

ओटिलियाला तो माणूस त्या दिवशी प्रथमच आवडला.

घरी आल्यावर तिने गेनोव्हेवाला चहा दिला. भोंगा तव्यांवरून इस्त्र्यांवर आला होता. समोरच्या घरातून उशीखालचं कडं बारीक आवाजात गात होतं.

"आता कुठं जाऊ ऐकायला?" ओटिलिया म्हणाली. "इथं हा. तिथं तो बोर्ड. शांतता म्हणून कुठं उरली नाही."

गेनोव्हेवाने बशीत चहा ओतला. "का गं, बराकीत होती का शांतता?"

"म्हणजे?"

"कोपऱ्यातली ब्रोन्या खोकायची. पोरं केकसाठी रडायची. शेगडी धुमसायची. भिंतीपलीकडं तो दारुडा अकॉर्डियन पिळायचा, आठवतो? तरी तुला रस्त्याच्या त्या टोकावरचे बूट ऐकू यायचे. आणि आता बाईसाहेबांना गादी लागते!"

ओटिलियाने तिच्या बशीत अजून चहा ओतला.

"आणि दुसरं सांगू?" गेनोव्हेवा म्हणाली. "तुला वाटतं, आम्ही आत बसून देवाचं ऐकत होतो. डोंबलाचं! कान सगळे तुझ्याकडे. मुर्कावर ओरडते का, ओरडते का. माझ्या आईनं आख्खी जपमाळ अशी म्हटली, की एक मणी देवाचा आणि एक मुर्काचा. एवढं तुझं ऐकत होतो आम्ही, आणि तू रडतेस!"

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस ते?"

"तू विचारलंस कधी?"

त्यानंतरच्या आठवड्यात ओटिलिया पुन्हा दाराजवळच्या स्टुलावर बसली. दाराची कडी तिने काढून ठेवली. का काढली ते तिलाही सांगता आलं नसतं. कडी लावून वाट बघणं तिला जरा उद्धटपणाचं वाटलं. दुपार कलली होती. भोंगा चालू होता. तिने तो बंद व्हायची वाट पाहिली नाही. पूर्वी ती अकॉर्डियन जसा एका बाजूला सारायची, तसा तिने भोंगा सारला. कुरालायचा आवाज दमलेला होता, हे तिला आज प्रथमच कळलं. तवे ती आनंदाने विकत होती, पण 'आजच या' म्हणताना दमत होती. ते बाजूला ठेवलं की खाली बस होती. बसखाली पाण्याचे नळ. नळांखाली गेनोव्हेवाचं कडं. त्याखाली कुणाचं तरी मूल रडत होतं. आणि या सगळ्यांखाली पाऊल होतं.

ते जिन्यात होतं. चामड्याचं नव्हतं, नमद्याचं नव्हतं. ओटिलियाने आयुष्यभर ऐकलेल्या कुठल्याच पावलाशी जुळत नव्हतं. ते घाई न करता वर येत होतं. मानेवर काटा आला. मुर्का घशापर्यंत आली. ओटिलियाने शालीचं टोक तोंडात कोंबलं आणि दात घट्ट आवळले. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून विचित्र आवाज झाला, पण मांजर बाहेर पडलं नाही. पाऊल दारापाशी येऊन थांबलं. ती बसून राहिली. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण तिने कुणाला सावध केलं नाही, आणि घरात सावध करण्यासारखं तिच्याशिवाय कुणी नव्हतंही.

"न चिकटणारे—" भोंगा म्हणाला आणि थांबला.

बस थांबली. नळ थांबले. कडं थांबलं.

'आल्तिन'ची वीज गेली असावी, असं ओटिलियाला वाटलं. ती बराच वेळ तशीच बसली होती. तिला कशाचीच घाई नव्हती. मग दार उघडलं आणि गेनोव्हेवा आत आली. तिचे ओठ भराभर हलत होते आणि त्यातून काहीच येत नव्हतं. मागे जिन्यातला दिवा नीट चालू होता. तेव्हा ओटिलियाला उमगलं की वीज मॉलची गेलेली नाही. डॉक्टरबाईंचा अंदाज चुकला होता. बर्फ अजून पडतच होतं.

गेनोव्हेवाला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती स्टुलाशेजारी जमिनीवर बसली आणि रडली. मग नाक पुसलं, बोट आधी कानाला लावलं, मग छताकडे केलं, आणि भुवया उंचावल्या.

"वर नाही," ओटिलिया म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकू आला नाही, त्यामुळे तो फार मोठा होता. "दाराशी."

कोण, असं गेनोव्हेवाने हाताने विचारलं.

"पाऊल ओळखीचं नव्हतं. मी ओरडले नाही." मग तिला वाटलं की एवढं पुरेसं नाही, म्हणून तिने पुढे सांगितलं, "परत गेलेलं ऐकलं नाही."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ओटिलियाने केक भाजला, वर लोणी-साखरेचा चुरा पेरून. दोघी जेवायला बसणार एवढ्यात कुरालाय आली. हातात बाउरसाकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी होती, गाल थंडीने लाल झाले होते, आणि ती आत येताच खिडकीकडे बोट दाखवून जोरजोरात काहीतरी सांगायला लागली. ओटिलियाने बाहेर पाहिलं. खांबावर भोंगा होता. त्याच्या तोंडाशी बर्फ साचायला लागलं होतं, आणि खालून जाणारी माणसं थांबून वर बघत होती. कुरालायने तो बंद केला होता. आल्माटीला न विचारता, ऐन खरेदीच्या दिवशी, एका म्हातारीसाठी.

"फार शांत वाटतंय गं," ओटिलिया म्हणाली. "देव तुझं भलं करो."

कुरालायचा चेहरा उजळला. गेनोव्हेवाने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि ओटिलियाने टेबलाखालून तिला लाथ मारली. गेनोव्हेवाने तोंडात बाउरसाक घातला.

कुरालायच्या खिशातला फोन उजळत होता. आल्माटीच असणार. तिने तो काढून बघितला, बंद केला, आणि बूट काढून टेबलाशी बसली. मग तिचं लक्ष केककडे गेलं. तिने ओटिलियाकडे बघून काहीतरी विचारलं. ओटिलियाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, पण ओठांचे ते आकार तिने लहानपणी इतक्या वेळा दाराशी बसून कमांडंटच्या तोंडी पाहिले होते, की ते तिला काळोखातही वाचता आले असते.

आज कुणाचा वाढदिवस?

गेनोव्हेवाने सवयीने हात वर केला. मग तिच्या लक्षात आलं. तिने हात खाली घेतला आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"आहे एकाचा," ओटिलिया म्हणाली. "या वेळी खरंच आहे."

तिने सुरी गेनोव्हेवाकडे दिली, आपली बशी उचलली आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. गेनोव्हेवाने तिकडे बघून स्वतःच्या कानाला हात लावला आणि मान हलवली: आता ऐकू येत नाही, तर तिथं कशाला?

"कडी काढायला कुणीतरी लागतंच ना," ओटिलिया म्हणाली, आणि केक खायला लागली.